टायफॉईडचा पुरावा कोणता? राज्याच्या सार्वजनिक आरोग्यमंत्र्यांस खुले पत्र

प्रति,
माननीय सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य



टायफॉईड, म्हणजे वैद्यकीय मराठीतील विषमज्वर आणि घरोघरच्या बोलण्यातील मुदतीचा ताप, या रोगाचे निदान राज्यातील बहुसंख्य दवाखान्यांत आजही विडाल नावाच्या एका चाचणीच्या भरवशावर केले जाते. त्या चाचणीचा निष्कर्ष कितपत ग्राह्य मानावा, हा प्रश्न वरकरणी प्रयोगशाळेपुरता वाटला, तरी त्याचे परिणाम रुग्णाच्या खिशापासून राज्याच्या रोगनोंदींपर्यंत आणि प्रतिजैविकांच्या भवितव्यापर्यंत पोहोचत असल्यामुळे तो आपल्या विभागाच्या विचाराचा विषय ठरतो. एकदाच घेतलेल्या रक्तावर काचपट्टीवर केलेली विडाल चाचणी हा टायफॉईडचा पुरावा नव्हे. तो पुरावा प्रतिजैविकाचा पहिला डोस देण्यापूर्वी घेतलेल्या रक्ताच्या जंतुसंवर्धनातून, म्हणजे ब्लड कल्चरमधून मिळतो, आणि ही सोय तालुक्याच्या रुग्णालयापर्यंत नेणे राज्याच्या आवाक्यातले आहे, असे या पत्राचे म्हणणे आहे.

या रोगाचा जंतू साल्मोनेला टायफी या नावाने ओळखला जातो. कार्ल एबर्ट या जर्मन विकृतिशास्त्रज्ञाने १८८० मध्ये तो रुग्णांच्या ऊतींत पाहिला आणि गेऑर्ग गाफ्की यांनी १८८४ मध्ये तो प्रयोगशाळेत वाढवून दाखवला. दूषित पाणी आणि अन्न यांवाटे पोटात गेलेला हा जंतू लहान आतड्याच्या भिंतीतून आत शिरतो, यकृत, प्लीहा आणि अस्थिमज्जा, म्हणजे हाडांच्या पोकळीतील रक्त तयार करणारी मऊ ऊती, यांत वाढतो आणि साधारण एक ते दोन आठवड्यांनी रक्तात मोठ्या संख्येने उतरला की ताप सुरू होतो. साल्मोनेला पॅराटायफी ए हा त्याचा भाऊबंद जवळपास तसाच आजार घडवतो. प्रतिजैविके येण्यापूर्वी टायफॉईडच्या दहा रुग्णांपैकी एक-दोन दगावत असत आणि तिसऱ्या आठवड्यात आतड्याला छिद्र पडणे हे त्या मृत्यूंचे एक मोठे कारण असे; आज योग्य औषध वेळेवर मिळाल्यास मृत्यूचे प्रमाण शंभरात एकाहूनही कमी राहते. अडचण अशी की पहिल्या आठवड्यातील टायफॉईडचा ताप हा मलेरिया, डेंग्यू, लेप्टोस्पायरोसिस किंवा स्क्रब टायफस यांच्या तापापासून निव्वळ रुग्णाला तपासून वेगळा काढणे अनुभवी डॉक्टरलाही जड जाते. जिभेवरचा पांढरा थर, तापाच्या मानाने मंद चालणारी नाडी, रक्तातील पांढऱ्या पेशींची घट आणि इओसिनोफिल नावाच्या पेशी जवळपास दिसेनाशा होणे ही चिन्हे संशय बळकट करतात, परंतु निर्णय देत नाहीत, म्हणूनच डॉक्टरला प्रयोगशाळेकडे वळावे लागते.

प्रयोगशाळेत त्याला बहुतेक ठिकाणी मिळते ती विडाल चाचणी. जॉर्ज फर्नां विडाल या फ्रेंच वैद्याने ती १८९६ मध्ये पॅरिस येथे मांडली आणि त्या काळी ती खरोखरच क्रांतिकारक होती, कारण रुग्णाच्या रक्ताच्या काही थेंबांवरून आतड्यातील रोगाचा अंदाज बांधता येणे ही कल्पनाच तोपर्यंत नवी होती. तिचे तत्त्व असे आहे की जंतूचा शरीराशी सामना झाला की शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे, म्हणजे त्या जंतूला ओळखून चिकटणारी प्रथिने, तयार करते. रुग्णाचे सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वर उरणारा पिवळसर द्रव, मारलेल्या जंतूंच्या द्रावणात मिसळले असता ही प्रतिपिंडे जंतूंना एकमेकांना जखडतात आणि द्रावणात डोळ्यांना दिसणाऱ्या गुठळ्या तयार होतात. जंतूच्या बाह्य आवरणाविरुद्धच्या प्रतिपिंडांची मोजणी ‘ओ’ या अक्षराने आणि त्याच्या शेपट्यांसारख्या तंतूंविरुद्धच्या प्रतिपिंडांची मोजणी ‘एच’ या अक्षराने दाखवतात. सीरम क्रमाने पातळ करत जाऊन ज्या शेवटच्या पातळ मिश्रणातही गुठळ्या दिसतात त्याचे प्रमाण १:८०, १:१६० किंवा १:३२० असे लिहितात, आणि यालाच रुग्ण व त्याचे नातेवाईक टायफॉईडचे पॉइंट म्हणतात.

या मोजणीतून काय कळते, याची फोड करणे आवश्यक आहे. गुठळ्या दिसल्या याचा अर्थ रक्तात त्या जंतूला किंवा त्याच्यासारख्या एखाद्या जंतूला चिकटणारी प्रतिपिंडे आहेत, इतकाच होतो. ती आताच्या तापामुळे तयार झाली, तीन वर्षांपूर्वीच्या आजारामुळे, लसीमुळे की दूषित पाण्यातून वारंवार झालेल्या किरकोळ संसर्गांमुळे, हे एका वेळच्या मोजणीतून कळण्याचा मार्ग नाही. ‘ओ’ प्रतिपिंडे आजाराच्या पहिल्या आठवड्याच्या अखेरीस आणि ‘एच’ प्रतिपिंडे त्यानंतर काही दिवसांनी दिसू लागतात, त्यामुळे तापाच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी केलेली चाचणी खऱ्या टायफॉईडमध्येही कोरी येऊ शकते. उलट ‘एच’ प्रतिपिंडे बरे झाल्यानंतरही महिनोन्‌महिने, काही वेळा वर्षानुवर्षे टिकतात. साल्मोनेला कुळातील इतर जंतू टायफीच्या आवरणाचे काही घटक वाटून घेत असल्यामुळे त्यांच्या संसर्गातही चाचणी सकारात्मक येते, आणि मलेरियासारख्या आजारात शरीराची प्रतिकारयंत्रणा सर्व बाजूंनी चेतवली गेल्यामुळे जुनी प्रतिपिंडे पुन्हा वर येतात. ज्या प्रदेशात टायफॉईड वर्षभर घुटमळत असतो, तेथे धडधाकट माणसांच्या रक्तातही १:८० पर्यंतची मोजणी आढळणे नवलाचे नाही. म्हणूनच या चाचणीचे शास्त्रशुद्ध वाचन करण्याची पद्धत पाठ्यपुस्तकांनी वेगळी सांगितली आहे: सात ते चौदा दिवसांच्या अंतराने दोनदा रक्त घ्यावे, दोन्ही नमुने शेजारी ठेवून तपासावेत आणि दुसऱ्या मोजणीत किमान चौपट वाढ असेल तरच तिला अर्थ द्यावा. एवढे दिवस तापलेला रुग्ण उपचाराविना थांबू शकत नाही, आणि लवकर दिलेले प्रतिजैविक प्रतिपिंडांची वाढही रोखू शकते, त्यामुळे ही दुसरी चाचणी प्रत्यक्षात जवळपास कोठेच होत नाही.

त्यातही नळीतील आणि काचपट्टीवरील विडाल यांत फरक आहे. नळीत चाचणी करताना मिश्रण ठरावीक उष्णतेत कित्येक तास किंवा रात्रभर ठेवावे लागते. काचपट्टीवर तीच क्रिया रंगीत प्रतिजनाचा, म्हणजे मारलेल्या जंतूंच्या रंगवलेल्या द्रावणाचा, थेंब मिसळून मिनिटभरात वाचली जाते, आणि द्रव सुकू लागला, प्रकाश अपुरा असला किंवा वाचणाऱ्याचा हात घाईचा असला की निकाल बदलतो. काचपट्टी मुळात चाळणीसाठी होती, तिच्यावर दिसलेल्या गुठळ्यांची नळीत खातरजमा करायची असा शिरस्ता होता. तो शिरस्ता मागे पडला आणि चाळणीच निकालपत्र होऊन बसली. हा दोष तंत्रज्ञांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल, कारण दिवसाला पन्नास-साठ नमुने एकट्याने हाताळणाऱ्या माणसाकडून व्यवस्थेने तेवढेच मागितले आहे.

चाचणीच्या चुकीचे प्रमाण ज्या प्रदेशात ती केली जाते त्यावर कसे अवलंबून असते, हे एका मानलेल्या उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, एखाद्या तालुक्यात पावसाळ्यात तापाच्या १,००० रुग्णांची विडाल चाचणी झाली आणि त्यांपैकी फक्त २० जणांना खरा टायफॉईड आहे. चाचणीची संवेदनशीलता, म्हणजे खऱ्या रुग्णांना पकडण्याची क्षमता, ७० टक्के आणि विशिष्टता, म्हणजे रोग नसलेल्यांना योग्य रीतीने वगळण्याची क्षमता, ८० टक्के धरली, तर २० पैकी १४ खरे रुग्ण सापडतील. परंतु उरलेल्या ९८० जणांपैकी १९६ जणांनाही टायफॉईड निघाल्याचा कागद हाती पडेल. म्हणजे सकारात्मक आलेल्या २१० अहवालांपैकी १४ खरे, पंधरात एक. हीच चाचणी, याच क्षमतेने, ज्या वस्तीत १,००० पैकी २०० जणांना टायफॉईड आहे अशा ठिकाणी केली, तर ३०० सकारात्मक अहवालांपैकी १४० खरे असतील. चाचणीत काहीही बदल न होता तिच्या अहवालाची किंमत अशी आकाशपाताळाच्या फरकाने बदलते, आणि आपल्या तालुक्याला यांपैकी कोणते गणित लागू आहे, हे अहवाल हाती घेणाऱ्या डॉक्टरला ठाऊक असण्याची कोणतीही सोय आज नाही.

चुकीच्या निदानाची किंमत कोण मोजतो, हा यापुढचा प्रश्न. ज्याला डेंग्यू आहे त्याला प्रतिजैविकाची गरजच नसते, तरी त्याला दिवसातून दोनदा इंजेक्शन आणि वर सलाईन लागते. रोजंदारीवर जगणाऱ्या कुटुंबाची त्यात कित्येक आठवड्यांची कमाई जाते. ज्याचा ताप पोटाच्या क्षयामुळे आहे त्याचे ‘टायफॉईड पुन्हा उलटला’ या समजुतीत महिने जातात. सर्वांत मोठा घात स्क्रब टायफसच्या रुग्णाचा होतो. झुडपांतील चिगर नावाच्या सूक्ष्म किड्याच्या चाव्यातून होणारा हा आजार २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर व आसपासच्या भागात मोठ्या प्रमाणावर आढळला आणि त्यात माणसे दगावली. डॉक्सिसायक्लिन हे स्वस्त औषध वेळेत दिले तर त्याचा ताप एक-दोन दिवसांत उतरतो, परंतु टायफॉईड समजून दिल्या जाणाऱ्या सेफ्ट्रिॲक्सोन या प्रतिजैविकाचा त्या जंतूवर परिणाम होत नाही. अशा रुग्णाच्या रक्तात जुन्या प्रतिपिंडांमुळे विडाल सकारात्मक आली, तर डॉक्टरचा शोध तेथेच थांबतो आणि दुसऱ्या आठवड्यात फुप्फुसे किंवा मूत्रपिंडे निकामी होऊ लागेपर्यंत काखेत किंवा जांघेत चाव्याच्या जागी धरलेल्या काळ्या खपलीकडे कोणाचे लक्षही जात नाही. कोकणात, विशेषतः सिंधुदुर्ग, रत्नागिरी आणि रायगड या जिल्ह्यांत, लेप्टोस्पायरोसिसच्या बाबतीत शोध असाच अकाली थांबण्याचा धोका आहे. बरे झाल्यानंतरही हा फेरा संपत नाही. पॉइंट अजून उतरले नाहीत म्हणून निरोगी माणसाची चाचणी पुन्हापुन्हा होते आणि त्याला औषधेही पुन्हा दिली जातात, वस्तुतः टायफॉईड बरा झाला हे ठरवण्यासाठी विडाल कधीच वापरायची नसते.

विडालच्या जागी बाजारात आलेल्या झटपट पट्ट्यांनी हा प्रश्न सुटलेला नाही. टायफीडॉट ही चाचणी जंतूच्या आवरणातील एका विशिष्ट प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडे शोधते आणि ट्युबेक्स ही दुसरी चाचणी आवरणाच्या एका ठरावीक घटकाविरुद्धची. अनेक अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कोक्रेन आढाव्यात पहिलीची संवेदनशीलता सुमारे ८४ टक्के आणि विशिष्टता ७९ टक्के, तर दुसरीची अनुक्रमे ७८ आणि ८७ टक्के भरली. वरच्या उदाहरणात हे आकडे घालून पाहिले तर कमी टायफॉईड असलेल्या तालुक्यातील चित्र फारसे बदलत नाही. जंतूची जनुकद्रव्ये शोधणारी पीसीआर पद्धतही थेट रक्तावर वापरली असता कमी पडते, त्याचे कारण पुढे येणाऱ्या एका आकड्यात आहे.

तो आकडा असा की टायफॉईडच्या रुग्णाच्या एक मिलिलिटर रक्तात सरासरी अवघा एक जिवंत जंतू सापडतो, आणि अशा जंतूंपैकी निम्म्याहून अधिक पांढऱ्या पेशींच्या आत दडलेले असतात. ब्लड कल्चरचे सारे तंत्र या एका वस्तुस्थितीभोवती रचलेले आहे. प्रौढाचे दोन मिलिलिटर रक्त घेतले तर त्यात एखाददुसराच जंतू असेल किंवा एकही नसेल. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या २००३ च्या मार्गदर्शक पुस्तिकेने शाळकरी मुले व प्रौढ यांच्याकडून १० ते १५ मिलिलिटर, आणि अगदी लहान मुलांकडून २ ते ४ मिलिलिटर रक्त घेण्यास सांगितले आहे. हे रक्त दहापट पोषक द्रावणात मिसळल्याने रुग्णाच्या रक्तातील जंतुनाशक घटक पातळ होतात आणि जंतूला वाढण्यास वाव मिळतो. त्वचा काळजीपूर्वक निर्जंतुक केली नाही तर कातडीवरचे निरुपद्रवी जंतू बाटलीत शिरून घोटाळा करतात. भरलेली बाटली शीतपेटीत ठेवायची नसते, ती नेहमीच्या तापमानातच प्रयोगशाळेला पोहोचवायची असते. इतर नमुन्यांच्या सवयीने बाटल्या बर्फावर ठेवल्या की हाती येऊ शकणारा जंतू दुरावतो. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे हे रक्त प्रतिजैविकाच्या पहिल्या डोसाआधी घेतलेले असावे लागते.

बाटलीत जंतू वाढला की तो पोषक थरावर पसरून त्याच्या वसाहती तपासतात. मॅकाँकी आगर या थरावर टायफी फिक्कट, रंगहीन वसाहती देतो, कारण तो दुग्धशर्करा आंबवत नाही, आणि पुढे काही जैवरासायनिक कसोट्या व ठरावीक प्रतिसीरमे, म्हणजे ज्ञात प्रतिपिंडे असलेली सीरमे, यांनी त्याची ओळख पक्की होते. स्वयंचलित यंत्रांत वाढणारे जंतू सोडत असलेला कार्बन डायऑक्साइड बाटलीच्या तळाशी असलेल्या संवेदकाला जाणवतो आणि टायफॉईडचा जंतू बहुधा दोन दिवसांच्या आत इशारा देतो. ओळख पटलेल्या जंतूवर मग निरनिराळ्या प्रतिजैविकांच्या चकत्या ठेवून कोणते औषध त्याची वाढ रोखते हे पाहता येते. विडाल ही माहिती कधीही देऊ शकत नाही, आणि आजच्या परिस्थितीत निदानाइतकीच ही माहिती मोलाची आहे.

कल्चरविरुद्ध नेहमी मांडले जाणारे आक्षेप खोटे नाहीत आणि त्यांना बगल देणे योग्य होणार नाही. ब्लड कल्चर टायफॉईडच्या सुमारे ६० टक्के रुग्णांतच जंतू दाखवते, आणि आधी औषध घेतलेले असल्यास त्याहूनही कमी. अस्थिमज्जेचे कल्चर ८० टक्क्यांहून अधिक रुग्णांत सकारात्मक येते आणि काही दिवस प्रतिजैविक घेतल्यानंतरही जंतू दाखवू शकते, परंतु त्यासाठी हाडात सुई घालावी लागत असल्याने ते अवघड दुखण्यांपुरतेच राखून ठेवावे लागते. मलाचे कल्चर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून उपयोगी पडते आणि पित्ताशयात जंतू बाळगून वर्षानुवर्षे तो विष्ठेवाटे सोडणाऱ्या वाहकांना शोधण्यासाठी तेच लागते. तेव्हा कोरे आलेले ब्लड कल्चर टायफॉईड नाकारत नाही, हे खरे. पण या दोन चाचण्यांच्या चुका एकाच जातीच्या नाहीत. कल्चर चुकते तेव्हा ते गप्प राहते आणि डॉक्टरला आपल्या निरीक्षणावर विसंबून उपचार चालू ठेवता येतात. विडाल चुकते तेव्हा ती ठाम स्वरात खोटे उत्तर देते आणि पुढचा शोध बंद करते. कल्चरला वेळ लागतो हा आक्षेपही अर्धाच खरा आहे, कारण रक्त घेऊन झाल्याबरोबर संशयावरून औषध सुरू करण्यास कोणतीच आडकाठी नसते. दोन-तीन दिवसांनी आलेला अहवाल ते औषध योग्य आहे की बदलायचे, हे सांगतो. अचूक औषध चालू असतानाही टायफॉईडचा ताप पूर्ण उतरायला चार ते सहा दिवस लागतात, त्यामुळे तिसऱ्या दिवशी घाबरून औषध बदलण्याचा जो मोह डॉक्टर आणि नातेवाईक दोघांनाही होतो, तोही हातात कल्चरचा अहवाल असला तर आवरतो.

औषधांचा इतिहास या निकडीची साक्ष देतो. १९४८ मध्ये क्लोरॅम्फेनिकॉल टायफॉईडवर गुणकारी ठरले आणि हा रोग जिंकला गेला असे वाटले. १९७२ मध्ये केरळातील कोळिकोड येथे त्याला दाद न देणाऱ्या जंतूंची साथ आली. १९८० च्या दशकाच्या अखेरीस क्लोरॅम्फेनिकॉल, अँपिसिलिन आणि कोट्रायमोक्साझोल या तिन्ही औषधांना एकाच वेळी पुरून उरणारे जंतू पसरले, तेव्हा सिप्रोफ्लॉक्सासिनकडे वळावे लागले, आणि आज भारतातील बहुसंख्य टायफी जंतू त्यालाही पूर्वीप्रमाणे दाद देत नाहीत. सध्या भिस्त सेफ्ट्रिॲक्सोन, सेफिक्झिम आणि ॲझिथ्रोमायसिन यांवर आहे. पाकिस्तानातील सिंध प्रांतात २०१६ पासून पसरलेल्या जंतूने सेफ्ट्रिॲक्सोनलाही निष्प्रभ केले, आणि या औषधाला न जुमानणारे टायफी जंतू मुंबईतील रुग्णांतही संशोधकांना आढळले आहेत. या मालिकेत एक दिलासा देणारी गोष्टही घडली आहे: वापर कमी झाल्यावर क्लोरॅम्फेनिकॉल आणि कोट्रायमोक्साझोल ही जुनी औषधे भारतातील बहुतेक टायफी जंतूंवर पुन्हा परिणाम करू लागली आहेत. नव्या औषधांची धार बोथट होत आहे की नाही, आणि जुनी कोठे पुन्हा वापरता येतील, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे जंतू हाती आल्याखेरीज मिळत नाहीत, आणि जंतू फक्त कल्चरमधून हाती येतो. विडालच्या अहवालावरून राज्यभर वाटल्या जाणाऱ्या सेफ्ट्रिॲक्सोनचा प्रत्येक अनावश्यक डोस मात्र या शेवटच्या औषधांचे आयुष्य कमी करत राहतो.

या संदर्भात पुणे जिल्ह्यातच झालेल्या कामाकडे आपले लक्ष वेधणे अगत्याचे आहे. २०१७ ते २०२० या काळात देशात चार ठिकाणी सुमारे २४ हजार मुलांचा सातत्याने मागोवा घेऊन, ताप आलेल्या मुलांचे ब्लड कल्चर करून टायफॉईडचे खरे प्रमाण मोजण्यात आले आणि त्याचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. वेल्लोर, कोलकाता आणि दिल्ली येथील शहरी वस्त्यांत दर लाख बालवर्षांमागे, म्हणजे एक लाख मुलांवर वर्षभर नजर ठेवल्यास, अनुक्रमे १,१७३, ७१४ आणि ५७६ रुग्ण कल्चरने सिद्ध झाले. पुणे जिल्ह्यातील वढू परिसरातील ग्रामीण भागात तोच आकडा ३५ होता. कल्चरमधून सुटणारे रुग्ण धरून हा आकडा दुप्पट केला तरी तो शहरी वस्त्यांच्या जवळपासही जात नाही. एका परिसराचा आकडा साऱ्या ग्रामीण महाराष्ट्राला लागू करणे चुकीचे होईल. परंतु जेथे काळजीपूर्वक शोधूनही टायफॉईड इतका थोडा सापडला, तशा प्रदेशात विडालच्या सकारात्मक अहवालांचा खच पडत असेल, तर वर मांडलेले पंधरात एकाचे गणित तेथे प्रत्यक्षात उतरलेले असण्याची शक्यता गांभीर्याने घ्यावी लागते. याउलट शहरी वस्त्यांतील आकडे सांगतात की जेथे टायफॉईड खरोखर आहे तेथे तो मोठ्या प्रमाणात आहे, आणि लस व स्वच्छ पाणी यांचा पैसा कोठे आधी जावा हे ठरवण्यासाठी अशीच मोजणी हवी. नवी मुंबई महानगरपालिकेने २०१८ मध्ये ९ महिने ते १४ वर्षे वयाच्या मुलांसाठी टायफॉईडच्या संयुग्म लसीची मोहीम सुरू केली, सार्वजनिक आरोग्यसेवेतून ही लस देण्याचा जगातील तो पहिला प्रयत्न होता आणि पहिल्याच टप्प्यात लाखाहून अधिक मुलांना लस मिळाली. तिचा परिणाम मोजता आला तो रुग्णालयांतील कल्चरच्या नोंदींमुळे. विडालच्या नोंदींवर अशा लसीची परीक्षा घेता आली नसती.

या सर्वांतून आपल्या विभागाकडून अपेक्षा निघतात त्या अशा की, ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत कल्चरच्या बाटल्या कायम उपलब्ध असाव्यात आणि रक्त कसे, किती व केव्हा घ्यायचे याचे प्रशिक्षण परिचारिका व तंत्रज्ञ यांना मिळावे. प्रत्येक तालुक्यात स्वयंचलित यंत्र बसवण्याची गरज नाही. बाटली तालुक्यात भरली जाऊन त्याच दिवशी जिल्हा रुग्णालयात किंवा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात पोहोचली तरी काम भागते, आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांतील नमुने गोळा करून मोठ्या प्रयोगशाळांकडे नेण्याचा अनुभव राज्याने महालॅबच्या योजनेतून घेतलेला आहे. कल्चर करणाऱ्या जिल्ह्यांनी त्यासोबत स्क्रब टायफस आणि लेप्टोस्पायरोसिस यांच्या एलायझा नावाच्या रक्तचाचण्याही उपलब्ध ठेवाव्यात, कारण टायफॉईड नाही एवढे सांगून डॉक्टरचे काम संपत नाही. एका वेळच्या विडाल चाचणीवर बंदी घालण्याची मागणी या पत्रात नाही. मात्र तिच्या अहवालावर ‘केवळ या चाचणीवरून टायफॉईडचे निदान करू नये’ हे वाक्य ठळक मराठीत छापणे खासगी आणि सरकारी अशा दोन्ही प्रयोगशाळांना बंधनकारक करावे, आणि सरकारी रोगनोंदींत विडालवरचे रुग्ण ‘संशयित’ व कल्चरवरचे ‘सिद्ध’ अशा वेगळ्या रकान्यांत दाखवावेत. हाती आलेल्या प्रत्येक टायफी जंतूची औषधांबाबतची चाचणी एका ठिकाणी संकलित होऊन तिचा जिल्हावार तक्ता दरवर्षी डॉक्टरांच्या हाती पडावा. तालुक्यातील खासगी डॉक्टरला आज हा तक्ता मिळत नाही, आणि म्हणून तो औषधाच्या विक्रेत्याने सांगितलेले किंवा शेजारच्या डॉक्टरने लिहिलेले औषध लिहितो, यात त्याला दोष कसा द्यावा?

खर्चाचा हिशेब करताना कल्चरच्या एका बाटलीची किंमत विडालच्या चाचणीपेक्षा कित्येक पट आहे, एवढेच पाहून थांबणे चुकीचे ठरेल. त्या बाटलीमुळे वाचणारी इंजेक्शने, टळणारे भरतीचे दिवस, वेळेत ओळखला गेलेला स्क्रब टायफसचा एखादा रुग्ण आणि आणखी काही वर्षे उपयोगी राहणारे सेफ्ट्रिॲक्सोन हे सारे त्याच हिशेबात दुसऱ्या बाजूला लिहावे लागते.

तरी येत्या पावसाळ्यापूर्वी प्रत्येक जिल्ह्यातील निदान एका ग्रामीण रुग्णालयात कल्चरच्या बाटल्या, त्या भरण्याचे प्रशिक्षण आणि त्या त्याच दिवशी जिल्ह्याला पोहोचवणारे वाहन यांची व्यवस्था करावी, आणि पावसाळा सरल्यावर त्या रुग्णालयांतील विडालचे व कल्चरचे आकडे शेजारीशेजारी ठेवून जनतेसाठी प्रसिद्ध करावेत, ही आपणांस आग्रहाची विनंती.